बेलसरचा ताप आणि गर्भातल्या मेंदूचं बेणं

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढू लागले. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, त्यामुळे तेव्हा कुठलाही ताप आधी कोरोनाच्याच खात्यात जमा व्हायचा. पण १६ जुलैला पाच जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपण जिला एनआयव्ही म्हणतो तिथे, पाठवले गेले आणि त्यातले तीन चिकुनगुनियाचे निघाले. मग २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत एनआयव्हीचं पथक स्वतःच बेलसर आणि परिंचे या गावांत आलं. ४१ जणांचे नमुने घेतले. २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंग्यू आणि एकीला झिका. महाराष्ट्रात सापडलेला झिकाचा हा पहिला रुग्ण. पन्नास वर्षांची महिला. तिला सोबत चिकुनगुनियाही होता. अहवाल येईपर्यंत ती बरीसुद्धा झाली होती.

एवढ्याशा गोष्टीवर केंद्र सरकारचं पथक आलं. गावात घरोघरी पाणी साठवण्याची भांडी तपासली गेली. आणि सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका सल्ल्याची: पुढचे चार महिने गर्भधारणा टाळा. निरोध वाटले गेले. दौंडच्या बाजारापर्यंत त्याचे विनोद पोचले होते. "डॉक्टर, डास चावल्यावर मूल होत नाही का आता?" असं एकाने मला हसत हसत विचारलं होतं.

प्रश्न विनोदाचा असला तरी उत्तर गंभीर आहे. ज्या आजारात दोन-चार दिवस बारीक ताप, थोडं पुरळ, डोळे लाल, एवढंच होतं, आणि बहुतेकांना तेवढंही होत नाही, त्या आजारासाठी एका अख्ख्या गावाला पाळणा लांबवायला का सांगावं? याचं उत्तर त्या तापात नाही, ते गर्भातल्या मेंदूत आहे. मेंदू कसा घडतो हे माणसाला कसं कळत गेलं, तो सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास त्यासाठी पाहावा लागतो. आज तोच सांगतो.

आधी बेणं समजून घेऊ

शिरूर-दौंडच्या ऊस लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगायला मला सोपं जातं. उसाचं नवं वाण हाती आलं, दोन गुंठ्यांपुरतंच, तर तुम्ही पहिल्या वर्षी तो ऊस कारखान्याला घालता का? नाही. सगळा ऊस तोडून त्याचं बेणं करता आणि पुढे वीस गुंठ्यांत लावता. पुन्हा सगळ्याचं बेणं. क्षेत्र पुरेसं झालं, की मग थोडं बेण्याला ठेवायचं आणि थोडं कारखान्याला. शेवटी सगळाच ऊस कारखान्याला जातो.

गर्भातला मेंदू नेमका असाच वाढतो. सुरुवातीला त्यात विचार करणारी, हातपाय हलवणारी एकही पेशी नसते. असतात त्या जनक पेशी. एका जनक पेशीच्या दोन जनक पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. हे झालं सगळ्या उसाचं बेणं. मग एक वेळ येते तेव्हा एका जनक पेशीतून एक जनक पेशी आणि एक चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, निघू लागते. निम्मं बेणं, निम्मा कारखाना. आणि शेवटी उरलेल्या जनक पेशीही चेतापेशी किंवा त्यांना आधार देणाऱ्या पेशी बनून संपतात. चेतापेशी एकदा तयार झाली की ती पुन्हा विभागत नाही. त्यामुळे जे काही वाढवायचं ते बेणं असतानाच.

गणित करून पाहा. एक पेशी दहा वेळा दुप्पट झाली तर १,०२४ पेशी होतात. अकराव्यांदा झाली तर २,०४८. म्हणजे विभाजनाची एकच फेरी कमी पडली की निम्मं पीक गेलं. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या सुरकुतलेल्या बाहेरच्या थरातल्या, बहुतांश गर्भारपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत तयार होऊन जातात. सातव्या महिन्यात ओटीभरण होतं तेव्हा या थराचं बेणं जवळपास संपत आलेलं असतं.

हे आज मी दोन परिच्छेदांत सांगितलं. ते शोधायला मात्र तीन-चार पिढ्या गेल्या.

आतल्या भिंतीवरच्या गोल पेशी

१८८० च्या दशकात विल्हेल्म हिस नावाचे स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ जर्मनीत लाइपझिगला गर्भांचे अतिशय पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काप करण्याचं यंत्रही त्यांनी स्वतःच सुधारून घेतलं होतं. मेंदू सुरुवातीला एक पोकळ नळी असतो. तिला आपण चेतानलिका म्हणू. हिस यांना दिसलं की या नळीच्या अगदी आतल्या कडेला, पोकळीला लागून, गोल गोल विभागणाऱ्या पेशी आहेत. बाकीच्या पेशी लांबट, आतून बाहेरपर्यंत पसरलेल्या, जणू मांडवाचे खांब. त्यांनी निष्कर्ष काढला की या दोन वेगळ्या जाती आहेत. गोल पेशी चेतापेशींना जन्म देतात, लांबट पेशी नुसत्या आधाराला.

निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पण तो निस्तरायला शंभरेक वर्षं लागली. नावाजलेल्या माणसाने केलेली वर्गवारी किती काळ टिकते याचं मला नेहमी नवल वाटतं.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेड साउअर यांनी कोंबडीच्या आणि डुकराच्या गर्भात पेशींची केंद्रकं कुठे कुठे आहेत हे बारकाईने मोजलं आणि म्हटलं, की दोन जाती नाहीतच. पेशी एकच, लांबट. तिचं केंद्रक आत एखाद्या विहिरीतल्या पोहऱ्यासारखं वर-खाली जातं. विभाजनाची तयारी करताना ते आतल्या कडेपासून लांब सरकतं, आणि प्रत्यक्ष विभागायची वेळ आली की आतल्या कडेला परत येतं. तिथे आल्यावर पेशी गोल दिसते. हिस यांनी पाहिलेल्या गोल पेशी म्हणजे त्या क्षणी पकडलेल्या लांबट पेशीच. पण साउअर यांच्या हाती मेलेल्या ऊतींचे काप होते. मेलेल्या कापात हालचाल दिसत नाही, तर्काने मांडावी लागते. अनेकांनी ती मानली नाही.

मानावी लागली ती १९५९ नंतर. पेशी विभागण्याआधी आपला डीएनए दुप्पट करते. त्या डीएनएच्या चार विटांपैकी एक थायमिडीन. या थायमिडीनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून ते प्राण्याला टोचलं, तर त्या वेळी जी पेशी विभागायची तयारी करत असेल तीच खूण उचलते. हार्वर्डमधल्या रिचर्ड सिडमन आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांच्या गर्भात केलं. खूण लागलेली केंद्रकं आधी बाहेरच्या बाजूला दिसली, काही तासांनी आतल्या कडेला. पोहरा खरंच खाली-वर होत होता. १९६१ मध्ये सिडमन आणि जे. बी. अँजेव्हिन यांनी याच युक्तीने आणखी एक गोष्ट दाखवली. कॉर्टेक्सचे थर आतून बाहेर रचले जातात. उशिरा जन्मलेली चेतापेशी आधीच्यांना ओलांडून त्यांच्याही वर जाऊन बसते. वाडा बांधताना वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या मजल्याच्या दारातून, जिन्याने वर जावं तसं.

जिना कुठला? तो युगोस्लाव्हियात जन्मलेल्या पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवला: त्याच लांबट पेशी, रेडियल ग्लिया. नवी चेतापेशी त्यांच्या तंतूला धरून, नारळाच्या झाडावर चढणाऱ्या गड्यासारखी, वर जाते. पुढे १९८८ मध्ये राकिच यांनी मांडलं की बेण्याच्या पहिल्या टप्प्यात जितक्या जास्त जनक पेशी तयार होतील तितकं कॉर्टेक्सचं क्षेत्र मोठं, आणि नंतरच्या टप्प्यात प्रत्येकीने जितक्या चेतापेशी दिल्या तितकी त्याची जाडी. उंदराच्या मानाने आपल्या कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ सुमारे हजार पट आहे, पण जाडी दोन-तीन पटच. म्हणजे माणूस घडवताना निसर्गाने बेणं जास्त वाढवलं.

आणि गंमत शेवटी. २००० आणि २००१ मध्ये जर्मनीत मॅग्डालेना गोट्झ यांच्या आणि अमेरिकेत अर्नोल्ड क्रिगस्टाइन यांच्या गटाने सिद्ध केलं, की या 'आधाराच्या' लांबट पेशीच चेतापेशींच्या आया आहेत. जी पेशी जन्म देते, तिच्याच अंगावरून लेकरू वर चढतं. हिस यांची दोन जातींची विभागणी तिथे संपली.

आपल्या मुंबईतही हे काम चालतं, आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांची प्रयोगशाळा आहे. एलएचएक्स-२ नावाचं जनुक उंदराच्या गर्भात काय करतं यावर त्यांच्या गटाने २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध लिहिला. जनक पेशीने कॉर्टेक्स व्हायचं की दुसरंच काही, हे ठरवण्यात त्या जनुकाचा वाटा आहे. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीच्या भागात हे जनुक काढून टाकलं तर जनक पेशी वेळेआधीच चेतापेशी करणं सोडून आधारपेशी करू लागतात. ऊस अजून हवा असताना शेतकऱ्याने पीकच बदललं, असं.

हिरोशिमाचे आठवडे

प्रयोगशाळेत जे उंदरावर कळत होतं ते माणसात इतिहासाने क्रूरपणे दाखवलं. १९४५ च्या अणुबॉम्बच्या वेळी हिरोशिमा आणि नागासाकीत आईच्या पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यातल्या ३० जणांमध्ये गंभीर बौद्धिक अपंगत्व आढळलं. १९८४ मध्ये मासानोरी ओटाके आणि विल्यम शुल यांनी ही माहिती गर्भाच्या वयानुसार मांडली, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. गर्भधारणेपासून ८ ते १५ आठवड्यांत किरणोत्सर्ग झालेल्यांना सगळ्यात जास्त धोका. १६ ते २५ आठवड्यांत कमी. आठव्या आठवड्याआधी आणि पंचविसाव्यानंतर अशी वाढ दिसली नाही. (पाळीच्या तारखेपासून मोजत असाल तर यात दोन आठवडे मिळवा.) ८ ते १५ आठवडे म्हणजे कॉर्टेक्सच्या चेतापेशी जोमाने तयार होण्याचा आणि वर चढण्याचा काळ. विभागणारी पेशी किरणोत्सर्गाला सगळ्यात नाजूक असते. कर्करोगावर आपण रेडिएशन देतो ते याच तत्त्वावर.

इथे एक आडवळण घेतोच, कारण ते रोज लागतं. "दिवस गेलेत हे माहीत नव्हतं, छातीचा एक्स-रे काढला, आता मूल ठेवू की नको?" हा प्रश्न घेऊन येणारी जोडपी अजूनही आहेत. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग हा धोक्याच्या पातळीच्या हजारो पटींनी कमी असतो. तेवढ्यासाठी गर्भ पाडू नका. हिरोशिमाचा धडा डोसचाही आहे.

ग्रहण, विळी आणि आईवरचा आळ

मूल लहान डोक्याचं जन्मलं की आपल्या भागात पहिला संशय कुणावर जातो हे मी तीस वर्षं पाहतो आहे. आईवर. "हिने ग्रहणात विळीवर भाजी चिरली." "हिने नीट खाल्लं नाही." "हिने पोटावर पट्टा बांधला." सासूबाई हे माझ्यासमोर बोलतात आणि सून खाली मान घालून ऐकते. त्या सुनेसाठी पुढचा भाग नीट वाचा, आणि जमलं तर घरात मोठ्याने वाचा.

डोकं लहान राहण्याची, म्हणजे मायक्रोसेफलीची, अनेक कारणं आहेत: जन्माच्या वेळी गुदमरणं, काही जंतुसंसर्ग, आईने घेतलेली दारू, गुणसूत्रांतले दोष. पण त्यातला एक प्रकार असा आहे जिथे मेंदूची रचना बहुतांशी नीट असते, फक्त तो लहान असतो. बेणंच कमी पडलेलं. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जेफ्री वुड्स आणि सहकाऱ्यांनी याचं सगळ्यात जास्त आढळणारं जनुक शोधलं, एएसपीएम. हे जनुक पेशी विभागताना जी दोऱ्यांची चाती तयार होते तिच्या टोकांशी काम करतं. ते बिघडलं की जनक पेशीच्या दोन जनक पेशी नीट होत नाहीत, बेण्याच्या फेऱ्या कमी पडतात. ज्या कुटुंबांमुळे ही जनुकं सापडली त्यांतली बरीच पाकिस्तानी वंशाची होती, कारण तिथे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात. असा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत आहे. अशा घरात एक मूल लहान डोक्याचं झालं असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असू शकते. मग तपासणी दोघांची व्हायला हवी, आणि पुण्यात जनुकीय समुपदेशन उपलब्ध आहे. दोष असलाच तर तो अर्धा बापाकडूनही आलेला असतो. ग्रहणाकडून मात्र येत नाही.

माकड क्रमांक ७६६

आता बेलसरकडे परत जाऊ. पण वाट युगांडावरून आहे.

एप्रिल १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात पीतज्वरावर लक्ष ठेवायला झाडावर पिंजऱ्यात माकडं ठेवली होती. माकड ऱ्हीसस जातीचं, म्हणजे मुळात आपल्या आशियातलं लाल तोंडाचं. क्रमांक ७६६. त्याला ताप आला आणि त्याच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला. जॉर्ज डिक आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो जगापुढे मांडला. तो उंदरांच्या मेंदूत रुजतो हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण माणसात त्याने काही मोठं केलेलं दिसलं नव्हतं, त्यामुळे ती नोंद कागदावरच राहिली.

त्याच १९५२ साली पुण्यात रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं; तेच आजचं एनआयव्ही. या केंद्राच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे भारतातल्या लोकांच्या रक्तात कोणकोणत्या विषाणूंच्या खुणा आहेत हे पाहणं. के. सी. स्मिथबर्न, जे. ए. केर आणि पी. बी. गटणे यांचा हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्यं सापडली. त्या काळची चाचणी डेंग्यूच्या भाऊबंदांमध्ये पक्का फरक करू शकत नव्हती, त्यामुळे हा आकडा जपूनच घ्यायचा. तरीही झिका हे नाव पुण्याच्या प्रयोगशाळेत बेलसरच्या ६७ वर्षं आधी लिहिलं गेलं होतं.

नंतर साठ वर्षं हा विषाणू बिनमहत्त्वाचा म्हणून राहिला. २००७ मध्ये प्रशांत महासागरातल्या याप बेटावर साथ आली, २०१३ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात. २०१५ मध्ये ब्राझील. त्या वर्षी ईशान्य ब्राझीलच्या रेसिफे शहरात बालमेंदूतज्ज्ञ वानेसा व्हान डर लिंडेन यांच्याकडे लहान डोक्याची बाळं एकामागून एक येऊ लागली. नेहमी क्वचित दिसणारी गोष्ट एकाच वेळी कितीतरी बाळांत, आणि तपासण्या नेहमीच्या कारणांना नकार देत होत्या. शेजारच्या राज्यात काम्पिना ग्रांदे इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ अॅड्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने पाठवले. नोव्हेंबरमध्ये त्यात झिका सापडला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

मला यातली एक गोष्ट आवडते. साथ ओळखली ती मोठ्या यंत्राने नाही; ओपीडीत बसून "हे नेहमीपेक्षा जास्त आहे" असं म्हणणाऱ्या दोन डॉक्टर बायकांनी. बेलसरलाही सुरुवात पाच नमुन्यांनीच झाली होती.

पण लहान डोकं आणि विषाणू एकाच वेळी दिसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध होत नाही. ब्राझीलमध्ये तेव्हा पाण्यात टाकलेल्या अळीनाशकामुळे हे झालं अशी आवई उठलीच होती. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हेंगली तांग, होंगजुन सोंग आणि ग्वो-ली मिंग यांच्या गटांनी उत्तर दिलं. त्यांनी माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या जनक पेशी तयार केल्या आणि त्यांवर झिका सोडला. तीन दिवसांत बहुसंख्य जनक पेशींमध्ये विषाणू शिरला होता. त्यांचं विभाजन बिघडलं, कित्येक मेल्या, आणि त्यांच्यातून नवे विषाणू बाहेर पडू लागले. तयार चेतापेशींना त्याने त्या मानाने कमी धरलं. महिन्याभरातच ब्राझीलच्या पॅट्रिशिया गार्सेझ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या गोळ्यांची वाढ झिकाने खुंटते हे दाखवलं. उभ्या पिकाला फारसा हात न लावता बेण्याच्या मळ्यात घुसणारा हा रोग.

म्हणूनच आईला दोन दिवस बारीक ताप आणि बाळाच्या मेंदूचं आयुष्यभराचं नुकसान असा विषम हिशेब होतो. ब्राझीलच्या काही बाळांत तर नुसतं बेणं कमी पडलं नव्हतं. आधी झालेली मेंदूची वाढही नष्ट होऊन कवटी खचली होती, मेंदूत चुन्याचे ठिपके साठले होते. तरी प्रत्येक गर्भवतीचं असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार गरोदरपणात झिका झालेल्या स्त्रियांच्या बाळांपैकी ५ ते १५ टक्के बाळांत त्याचे परिणाम दिसतात. म्हणजे शंभरातली ८५ ते ९५ बाळं सुटतात. घाबरलेल्या गर्भवतीला मी हा आकडा आधी सांगतो.

आपल्याकडे २०१६-१७ मध्ये अहमदाबादला तीन रुग्ण सापडले, २०१८ मध्ये जयपूरला १५९. एनआयव्हीने जयपूरच्या विषाणूची जनुकीय मांडणी तपासली तेव्हा ज्या एका बदलामुळे विषाणू जनक पेशींना जास्त घातक होतो असं २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी म्हटलं होतं, तो बदल त्यात नव्हता. ब्राझीलसारखी लहान डोक्याच्या बाळांची लाट भारतात आली नाही हेही खरं. पण एका बदलावर सगळा दिलासा टांगू नये असं माझं मत आहे. थायलंडमध्ये साथ मोठी नसतानाही २०१६ मध्ये झिकामुळे मायक्रोसेफली झालेली दोन बाळं सापडली. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात रुग्ण सापडले आणि वर्षाअखेर शहरातली संख्या शंभराच्या पुढे गेली. त्यात गर्भवती बऱ्याच होत्या.

बेलसरच्या चार महिन्यांचा अर्थही इथेच आहे. झिका डासाने पसरतो तसाच शारीरिक संबंधातूनही पसरतो. तो वीर्यात आठवडे-महिने टिकू शकतो. निरोध म्हणून. विनोद करणाऱ्याला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं.

मुंबईच्या गिरणीतली गोळी

फॉलिक अॅसिडची गोळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिची गोष्ट मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. रक्तपेशी कमी, पण असलेल्या पेशी मोठ्या मोठ्या. विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवलं की यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त चाटणाने तो बरा होतो. त्यातलं औषध म्हणजे फॉलिक अॅसिड. ते १९४५ मध्ये अमेरिकेत लेडर्ले कंपनीत, आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने प्रयोगशाळेत तयार केलं.

रक्तपेशी मोठ्या का होत्या? कारण त्यांना विभागता येत नव्हतं. मघाशी सिडमन यांनी खूण लावलेली ती थायमिडीनची वीट आठवते? ती घडवायला शरीराला फॉलिक अॅसिड लागतं. वीट नाही तर डीएनए दुप्पट नाही, डीएनए दुप्पट नाही तर विभाजन नाही. रक्तात जे, तेच गर्भातही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीत, आधीचं मूल चेतानलिका न मिटल्याने दगावलेल्या किंवा अपंग झालेल्या आयांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक अॅसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

पण चेतानलिका गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, सासरी सांगून, मग दवाखान्यात येईपर्यंत ती मिटलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून गोळी मूल हवं असं ठरवलं तेव्हापासून सुरू करायची, किमान महिनाभर आधी. आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस दहा पट लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्या दोन तालुक्यांपुरतं

झिकाचा डास तोच, डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस, दिवसा चावणारा, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालणारा. शिरूरच्या कोरड्या गावांत आठवड्यातून एक-दोनदा नळाला पाणी येतं, मग घरात रांजण, पिंप, सिमेंटची टाकी सगळं भरून ठेवलं जातं. लोकांना दोष देऊन उपयोग नाही. पाणी रोज आलं तर कोण साठवेल? तोवर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप रिकामं करून, आतून काथ्याने घासून, फडक्याने झाका. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. गर्भवतीने दिवसासुद्धा अंगभर कपडे घालावेत, दुपारी झोपताना मच्छरदाणी लावावी.

गरोदरपणात ताप आणि पुरळ आलं, किंवा नवऱ्याला आलं, तर नुसती क्रोसिन घेऊन गप्प बसू नका. पहिल्या आठवड्यातच रक्त आणि लघवीचा नमुना गेला तर झिका पकडता येतो. अहवाल झिकाचा आला तर सोनोग्राफी ठरावीक अंतराने करून बाळाच्या डोक्याचा घेर पाहतात.

आणि बाळ जन्मल्यावर, चोवीस तासांनी, टेपने डोक्याचा घेर मोजायचा असतो: कपाळाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून. पूर्ण दिवसांच्या मुलासाठी ३१.९ सेंटिमीटर आणि मुलीसाठी ३१.५ यापेक्षा कमी घेर असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेला आहे का ते घरी गेल्यावर पाहा. नसेल तर लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना किंवा सिस्टरना टेप काढायला सांगा.